बंद करण्याआधी

लकडगंजच्या आरागिरणीवाल्या पटेलांचा थोरला
दार-ए-सलामहून कायमचा परतला,
तेव्हा कपाटं-पंख्यांसोबत बोटीतून ही आली.
नव्वदची स्टारलेट. तीन दारं, बॉनेटवर एकच नाकपुडी.
नंतर बारा वर्षं भुशात उभी.
मी घेतली तेव्हा एअर फिल्टरमधून
तसराळंभर सागवान निघालं,
आणि कप्प्यातून स्वाहिलीतली पार्किंगची पावती.
सागवान फेकलं. पावती आहे अजून.

मी कोराडीचा माणूस.
एकतीस वर्षं टर्बाइनच्या मजल्यावर,
कानात कापूस, काखेत लॉगबुक.
तिथला रोटर उचलायला क्रेन लागायची,
हिचा मुठीत मावतो.
तो मिनिटाला तीन हजार फिरे,
ही लाखाच्या वर जाते आणि शिटी मारते.
बायकोला समजावलं,
बघ, बाहेर फेकायचा धूरच जाता जाता
एक चाक फिरवून जातो,
त्यावर इंजिनाला जास्तीची हवा मिळते.
ती मटार सोलत म्हणाली,
"म्हणजे रिटायर माणसावाणी."

आमचा जुना संच तोडायला काढला
त्याच आठवड्यात मी ही विकत घेतली.
याचा त्याच्याशी संबंध नाही,
असं मी सगळ्यांना सांगतो.

झिबल निखाऱ्यांचं लेथ कॉटन मार्केटच्या मागं.
"साहेब, याचा पार्ट जपानात नाही भेटून राहिला,
मी कुठून देऊ तुमाले?"
असं म्हणतो, आणि देतो.
गॅस्केट इतवारीतल्या तांब्याच्या पत्र्याचं,
होज वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडचा, कापून बारका केलेला.
हवा कुठं गळते ते शोधायला
साबणाचं पाणी, सायकलच्या ट्यूबला लावतात तसं.
बुडबुडा आला की दोघं पोरांसारखे ओरडतो.

पाय दाबला की आधी काहीच होत नाही.
अस्सल नागपुरी आहे या बाबतीत:
"हौ, येऊनच राहिलो" म्हणते आणि बसून राहते.
मग काटा तीन हजारावर गेला
की पाठ सीटला चिकटते,
आणि काटोल रोडची झाडं
एकमेकांत मिसळतात.

मे महिन्यात मी बूस्टचा स्क्रू दोन आटे आवळला.
लोभ. दुसरं काय.
सत्तेचाळीस अंश, चढ, मागं एक टिप्पर,
आणि आतून आवाज,
डब्यात वाटाणे हलवल्यासारखा.
झिबलनं कान लावला नाही, नुसतं माझ्याकडं पाहिलं.
"नाही म्हणून राहिली ना बाप्पा ते. आयका तिचं."
दीड आटा सोडला.
अर्धा ठेवला. माणूस आहे.

प्लांटमध्ये संच बंद केला
तरी रोटर उभा राहू द्यायचा नसतो.
तापलेला, जड,
तो स्वतःच्याच वजनानं वाकतो.
बॅरिंग गिअरवर टाकायचा,
रात्रभर हळूहळू फिरवत राहायचं,
आणि कुणीतरी जागं असायचं.
हिला एक मिनिट पुरतं.
फाटकाशी गाडी लावून, इंजिन तसंच ठेवून,
गरम तेल वाहून जाईस्तोवर बसायचं.
मंदाकिनी आधी उतरून निघून जायची,
"जळू द्या पेट्रोल" म्हणत.

काल कामठीहून लग्न आटोपून आलो.
गोधनीचा रस्ता सामसूम. फाटकाशी थांबलो.
ती उतरली नाही.
पदर मांडीवर गोळा करून समोर बघत म्हणाली,
"परवा तो रामदासपेठेतला पोरगा आला होता.
रोख घेऊन.
मी सांगितलं, विकाची नाही."

मी काय बोलणार.
तेलाच्या काट्याकडं बघितलं,
तो कुठंच चालला नव्हता.
हात किल्लीकडं गेला
तर तिनं वरच्या वर मनगट धरलं.
"थांबा," म्हणाली, "अजून अकरा सेकंद."